अपग्रेड व्हाउचरची अट तिकीट काढण्याआधी कळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या दैनिकात परदेश प्रवासाच्या जाहिराती नेहमीप्रमाणे सुरू झाल्या असून, त्यांतील काहींमध्ये ‘व्हाउचरवर बिझनेस क्लास’ असा ठळक उल्लेख दिसतो. सांगली-मिरजेतून अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांची संख्या मोठी असल्याने, त्यांच्या आई-वडिलांच्या घरी या जाहिराती बारकाईने वाचल्या जातात. गुडघे, कंबर आणि रक्तदाब सांभाळत वीस-बावीस तासांचा प्रवास करायचा, तर पाय पसरून झोपता येईल असे आसन ही चैन राहत नाही. परंतु बिझनेस क्लासचे पूर्ण भाडे पेन्शनरांना झेपणारे नसते. या दोन्हींच्या मधली वाट आहे, ती म्हणजे कमी भाड्याचे तिकीट काढून ते व्हाउचर किंवा पॉइंट वापरून वरच्या वर्गात नेणे, म्हणजेच ‘अपग्रेड’ करणे, आणि ती अनेकांना साधतेही. मात्र ती ज्या अटींवर अवलंबून असते, त्या तिकीट विकताना सहसा सांगितल्या जात नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या परिचयातील तासगावच्या एका जोडप्याच्या मुलाला नोकरीनिमित्तच्या सततच्या प्रवासामुळे विमान कंपनीकडून अपग्रेड व्हाउचर मिळाले होते आणि ते त्याने आई-वडिलांसाठी राखून ठेवले होते. येथील एजंटाने त्यांना मुंबई-लंडन-न्यूयॉर्क मार्गाचे सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकीट काढून दिले. पुढे व्हाउचर लावण्याची वेळ आली, तेव्हा या भाड्याच्या तिकिटाला अपग्रेड मिळत नाही असे उत्तर आले. तिकीट बदलायचे तर दंड आणि भाड्यातील फरक मिळून होणारी रक्कम इतकी होती की, सुरुवातीलाच प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग) घेतले असते तर ते स्वस्त पडले असते.

यात गूढ काही नाही. प्रत्येक तिकिटावर बुकिंग क्लासचे, म्हणजे भाड्याचा प्रकार दाखवणारे, एक इंग्रजी अक्षर असते आणि सारा खेळ त्या अक्षराचा असतो. ब्रिटिश एअरवेजचे उदाहरण घेतले, तर क्यू, ओ आणि जी या सर्वांत स्वस्त इकॉनॉमी वर्गांतील तिकिटे एव्हिऑस पॉइंट (त्या कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांना मिळणारे गुण) वापरून अपग्रेड करता येत नाहीत. ज्यांना येतात, त्यांनाही एका वेळी एकच पायरी वर जाता येते, म्हणजे इकॉनॉमीतून प्रीमियम इकॉनॉमीत, थेट बिझनेसमध्ये नाही. शिवाय वरच्या वर्गात त्या योजनेसाठी राखलेली जागा शिल्लक असावी लागते. रेशनकार्ड हातात आहे म्हणून दुकानात साखर आलेलीच असते असे नाही, तसाच हा प्रकार आहे. तिकीट एका कंपनीने विकलेले आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचे असेल, तर व्हाउचर बहुधा चालतच नाही. त्यामुळे प्रत्यक्ष विमान कोणाचे, ही तिकिटावरची बारीक अक्षरांतील ओळ आधी वाचावी.

व्हाउचर एकाच टप्प्यापुरते असेल तर ते कोठे लावावे, याचाही विचार फारसा कोणी करत नाही. लंडनहून न्यूयॉर्कला जाणारी बहुतेक विमाने दिवसा उडतात आणि सुमारे आठ तासांनी त्याच दिवशी पोहोचतात. त्या प्रवासात झोप येत नाही. प्रीमियम इकॉनॉमीचे रुंद आसन आणि पायांना मिळणारी थोडी जास्त जागा पुरेशी होते. परतीचे विमान मात्र बहुधा संध्याकाळी किंवा रात्री निघते, पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांच्या साथीने सातएक तासांत लंडनला उतरते आणि समोर मुंबईपर्यंतचे आणखी नऊ-दहा तास उभे असतात. म्हणून व्हाउचर परतीच्या टप्प्यावर वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रात्री जेवण विमानतळावरच उरकून घ्यावे, नाहीतर ताटे येण्या-जाण्यातच निम्मी झोप जाते.

पॉइंट वापरून आसन मिळवायचे असेल, तर आधीपासून लक्ष ठेवावे लागते. ब्रिटिश एअरवेज प्रस्थानाच्या ३५५ दिवस आधी अशी आसने खुली करते आणि लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेसची किमान चार आसने यासाठी ठेवते. ती लंडनच्या मध्यरात्रीच्या सुमारास खुली होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे. फिरायला जाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना हे अवघड नाही.

स्वस्त भाड्याबाबत परदेशी लोक देतात तो सल्ला मात्र जसाच्या तसा घेऊ नये. प्रवास लंडनऐवजी डब्लिन किंवा ओस्लोहून सुरू करा, असे ते सांगतात. त्यामागे कारण आहे: आयर्लंडने आपला विमान प्रवास कर २०१४ मध्ये रद्द केला, तर ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२६ पासून न्यूयॉर्कएवढ्या अंतरासाठी इकॉनॉमीला १०२ पौंड आणि त्यावरच्या वर्गांना, प्रीमियम इकॉनॉमीसह, २४४ पौंड कर आहे. परंतु भारतीय पासपोर्टवर डब्लिनसाठी आयर्लंडचा आणि ओस्लोसाठी शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय दोन वेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नेवार्कला जाणाऱ्या, केवळ ७६ बिझनेस आसनांच्या ‘ला कंपनी’च्या विमानाचीही तीच अडचण आहे, मुंबईचे विमान शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरते. आपल्यासाठी मुंबईपासून अमेरिकेपर्यंत एकच सलग तिकीट बरे. लंडनला चोवीस तासांच्या आत विमान बदलले, तर वर सांगितलेला ब्रिटिश कर लागत नाही; पुतण्याकडे दोन दिवस उतरण्याचा बेत केला की लागतो. तेवढ्यासाठी भेट टाळावी असे मी म्हणणार नाही, पण तो आकडा माहीत असावा.

कंपन्यांच्या कामानिमित्त प्रवास करणारे जुलै-ऑगस्टमध्ये आणि वर्षअखेरीस कमी होतात, म्हणून अटलांटिकवरील बिझनेसची सवलतीची भाडी प्रामुख्याने याच काळासाठी निघतात. बोली लावून अपग्रेड मिळवण्याची सोय लुफ्तान्सा, एअर लिंगस आदी कंपन्या देतात. त्यातील बोली माणशी आणि टप्प्यागणिक असते, दोघांची एकत्र नसते. बोली मान्य झाली तरी सामानाची मर्यादा बऱ्याचदा मूळ तिकिटाचीच राहते, त्यामुळे हळद, मेतकूट आणि भडंगाची पोती त्याच हिशेबाने बांधावीत.

आपल्या सरकारचा करही विसरून चालणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तर इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. मूळ भाड्याच्या प्रत्येक लाखामागे हा तेरा हजारांचा फरक येथील जाहिरातींतील ‘पासून पुढे’ या शब्दांत दडलेला असतो.

डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून एक चांगला नियम केला. काढलेल्या तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले, तर ३,५०० किलोमीटरहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात करांसह भाड्याच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. त्याच धर्तीवर, अपग्रेडचे आमिष दाखवून तिकीट विकणाऱ्याने बुकिंग क्लासचे अक्षर, त्याला अपग्रेड चालते की नाही, विमान प्रत्यक्षात कोणाचे आणि बदलाचा दंड किती, हे पैसे घेण्यापूर्वी लेखी द्यावे, असे बंधन असायला हवे. नियम होईपर्यंत प्रवाशांनी ही माहिती एजंटाकडून स्वतःहून मागून घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि आपल्या दैनिकाने अशा जाहिराती स्वीकारताना ‘अटी लागू’ एवढ्यावर न भागवता, त्या अटी साठीच्या पुढच्या वाचकाला चष्म्याने वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत छापण्याचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक,
विश्रामबाग, सांगली