‘सौंदर्या’च्या रकान्यात माझी मुलगी बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ओठ भरून घेण्याच्या शस्त्रक्रियांवरचा लेख वाचला. ‘हौस’, ‘फॅशन’, ‘सेल्फी’ हे शब्द त्यात इतक्यांदा आले की मी पेपर घडी करून ठेवून दिला. गेल्या वर्षी माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या वरच्या ओठात तिच्याच पोटावरची चरबी भरली. त्यात हौस कुठेच नव्हती.

ती जन्मली तेव्हा तिचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. बाळंतिणीच्या खोलीतच एका नातेवाईक बाईंनी विचारले, “ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?” मी विळी हातात घेतली होती का, हे कित्येक रात्री आठवत राहिले. तिसऱ्या महिन्यात ओठ शिवला, पुढे टाळू. काम चांगले झाले होते. पण वाढत्या वयात व्रण आक्रसला आणि ओठाच्या मधोमध खाच राहिली. तोंड मिटले तरी तिथून दात दिसत. शाळेच्या एकाही फोटोत तिचा हात तोंडावरून खाली आलेला नाही.

डॉक्टरांनी सगळे सविस्तर समजावले. ओठ भरण्यासाठी टोचतात ते फिलर म्हणजे हायलुरोनिक आम्लाचे जेल. ते साधारण सहा महिने ते वर्षभरात विरते. स्वतःची चरबी जगली तर टिकते. म्हणून ती बारीक नळीने काढून, स्वच्छ करून, थेंबाथेंबाने ओठात पेरतात. एकदम गोळा भरला तर मधल्या चरबीला रक्त मिळत नाही आणि ती मरते. शिवाय ओठ सतत हलणारा, त्यामुळे बरीचशी जिरते. दुसऱ्यांदा करावे लागेल हे त्यांनी आधीच सांगितले होते. काहींना चरबीसह त्वचेच्या आतल्या थराची पट्टी बसवतात, काहींना ओठाच्या आतले अस्तरच पुढे सरकवून देतात.

धोके लेखात यायला हवे होते. फिलर इंजेक्शनने विरघळवता येते, चरबी तशी विरघळवता येत नाही. ती रक्तवाहिनीत गेली तर गंभीर इजा होऊ शकते. हे पार्लरमधले काम नव्हे. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारूनच पुढे जावे.

आता माझे खरे दुखणे. विमा कंपनीने ‘सौंदर्यवर्धक’ असा शेरा मारून दावा परत पाठवला. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला नियमात अपवाद आहे. जन्मजात दुभंगाचा त्या यादीत उल्लेख नाही. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ येतो, पण १८ वर्षांपर्यंतच. आणि अशा शेवटच्या दुरुस्त्या बहुतेकदा चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे त्याच वयाच्या आसपास करतात! कपाळाची त्वचा वळवून पुण्याजवळ एका वैद्याने कापलेले नाक पुन्हा घडवले, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. ज्या भूमीत हे घडले, तिथे एका मुलीचा ओठ पूर्ण करणे चैनीत मोजले जावे, याचा मला मनापासून संताप येतो.

या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर दुभंग-उपचार केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या पालकांशी आपल्या प्रतिनिधींनी जरूर बोलावे. विमा नियामकांनाही त्या अपवादाच्या यादीत ‘जन्मजात व्यंग’ हे दोन शब्द का नाहीत, ते विचारावे.

– एक आई, सांगली