ब्लिकलिंगचं भूत

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तुला भुताच्या गोष्टी आवडतात, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. नॉरिचपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर ब्लिकलिंग हॉल नावाचा लाल विटांचा भलामोठा वाडा आहे. रविवारी जाऊन आले. आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन इथली, असं म्हणतात. 19 मे 1536 ला राजाने तिचा शिरच्छेद करवला. दरवर्षी त्या रात्री एक बग्गी वाड्याच्या दाराशी येते. घोड्यांना मुंडकी नाहीत, गाडीवानालाही नाही, आणि आत अ‍ॅन स्वतःचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली!

जिन्यापाशी तिची लाकडात कोरलेली आकृती आहे. ‘अ‍ॅन बोलिन इथे जन्मली, 1507’ असं त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय. (बरेच अभ्यासक 1501च्या आसपासचं साल धरतात.) खरं तर आजचा वाडा सर हेन्री होबार्टने बांधला, तोही ती गेल्यावर ऐंशीएक वर्षांनी. बोलिनांचं घर गेलं, ती राहिली. आपल्याकडे घर पाडून नवं बांधलं तरी जागेवाला तिथेच असतो ना, तसंच.

बाबा, मला झोपू दिलं नाही ते तिच्या बापाने, थॉमस बोलिनने. 17 मेला मुलगा जॉर्ज गेला, दोन दिवसांनी मुलगी. अ‍ॅनबरोबर ज्यांच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला, त्यांतल्या चौघांचा निवाडा करणाऱ्यांत हा स्वतः बसला होता. 1539 मध्ये केंटमधल्या आपल्या घरी मेला. पण इकडच्या, नॉरफकच्या लोकांनी त्याला सोडलं नाही. 19 मेच्या त्याच रात्री तोही बाहेर पडतो आणि मुंडकं काखेत धरून, कोंबडा आरवायच्या आत एकामागून एक पूल ओलांडत धावत सुटतो. दरवर्षी. ही शिक्षा कुठल्या कोर्टाने दिलेली नाही, गावकऱ्यांनी दिली. मला ती फार पटली.

मी लग्न मोडून परत आले तेव्हा लोक ओटीवर येऊन काय काय बोलत होते, आणि तुम्ही सुपारी कातरत एवढंच म्हणालात, “पोरगी माझी आहे.” आतल्या खोलीत मी ऐकत होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, बाबा.

जूनमध्ये आलात की तिघं जाऊ. वाड्याजवळची बाग सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. आई, तुझ्या माहेरच्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट मला पूर्ण आठवत नाही. ती लिहून पाठव.

तुमची,
मनू