ढेकणांसाठी औषध फवारणी : नातेवाइकांना सूचना

सर्व नातेवाइकांना नमस्कार. आपल्या वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर तीन खोल्यांत ढेकूण सापडले आहेत. येत्या शनिवारी सकाळी १० वाजता फवारणी होईल. त्या दिवशी आजी-आजोबांना दिवसभर तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसवू. ज्यांना दमा आहे त्यांना शक्य असल्यास एक रात्र घरी न्यावं.

ढेकणाच्या अंड्यांवर औषध फारसं चालत नाही. ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून १५ दिवसांनी दुसरी फवारणी होणारच. पहिल्यानंतर "आता दिसत नाहीत" म्हणून ती टाळायचा आग्रह कृपया कोणी धरू नये. मागच्या वेळी तेच झालं आणि पुन्हा सगळं सुरू झालं.

भेटायला आलात की हातापायांवर, मानेवर पुरळ आहे का ते बघा. वयस्कर माणसांच्या अंगावर चाव्याची खूण बरेचदा उमटतच नाही, त्यामुळे चादरीवरचे काळे ठिपके आणि गादीची शिवणही तपासा. घरून जुनी गादी, उशी, गोधडी आणू नका. कपडे घरी नेत असाल तर पिशवीचं तोंड घट्ट बांधून न्या आणि कडकडीत गरम पाण्यात धुवा.

ढेकूण स्वच्छ घरातही होतात. आपल्या मावशींना कोणी बोल लावू नये, ही मनापासून विनंती.

— व्यवस्थापन समिती