४४.४ टक्क्यांचा अर्थ लावताना

संपादक महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कर्नाटकात २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ४४.४. महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये २५.२. यावरून कर्नाटकातल्या खानापूरची बाई सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाईपेक्षा जास्त मार खाते म्हणणे घाईचे ठरेल. चार वर्षांत मारहाण दुप्पट होणे अवघड. सांगणे वाढणे किंवा विचारण्याची पद्धत सुधारणे सहज शक्य.

'छळ होतो का?' म्हटले की 'नाही' येते. म्हणून प्रश्नावली एकेक कृती विचारते: ढकलले का, थप्पड मारली का, हात पिरगाळला, केस ओढले, लाथ मारली, गळा दाबला? पुढे विचारते, यातले गेल्या बारा महिन्यांत काय घडले? इथे जुनी घटना अलीकडची वाटते, म्हणून 'मागच्या दिवाळीपासून' असा सण धरून विचारावे.

घरातली एकच स्त्री निवडायची आणि एकांत नसेल तर हा भाग वगळायचा, असा नियम आहे. पण एकखणी घरात सासू डोकावतेच! तेव्हा चटकन लसीकरणाच्या प्रश्नांकडे वळावे. सीमाभागात कन्नड न येणाऱ्या बाईसाठी जावेलाच दुभाषी केले, तर ते उत्तर वाया गेले समजा. निपाणी, खानापूर, बेळगाव तालुक्यांतल्या पथकांत मराठी बोलणारी स्त्री हवीच.

नवऱ्याला वेगळे विचारले तर उत्तरे बऱ्याचदा जुळत नाहीत. पोलिस ठाण्यातल्या नोंदी त्याहून कमी. तिथवर जाते कोण? राज्याचा आकडा छापताना एकांत न मिळाल्याने किती मुलाखती वगळल्या, तेही शेजारी छापावे.

— क्षेत्रपाहणी करणारे काही कार्यकर्ते, खानापूर