डबे कुणाचे आहेत?

तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं आमचं बाळ १,२०० ग्रॅमचं होतं. काल २ किलो ३०० भरलं. प्रभूची स्तुती असो! दूध अजून नळीनेच जातं, नाकाशी ऑक्सिजन आहे. वीज गेली की मशीन बंद, आणि सिलिंडर जोडेपर्यंत माझे हात थरथरायचे. एका रविवारी उपासनेहून परतलो तर दारात इन्व्हर्टर, बॅटरीसकट. चिठ्ठीवर फक्त ‘बाळासाठी’.

मंडळीतले काहीजण तर आत न येता फाटकाशीच प्रार्थना करून गेले. सर्दीपडशाच्या दिवसांत याहून मोठी मदत नाही.

आणि कडीला अडकवलेले ते डबे: भाकरी, मेथी, हिच्यासाठी डिंकाचे लाडू. मनापासून आभार. सात डबे धुऊन ओट्यावर ठेवलेत, आपापले ओळखून न्या. निळ्या झाकणाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मात्र पुन्हा चालेल!