झोपेची गोळी एकदम बंद करू नका

संपादक साहेब,

झोपेच्या गोळ्यांची सवय लागते यावर सगळे लिहितात, पण ती सोडायची कशी हे कोणी सांगत नाही. माझी आई कित्येक वर्षं क्लोनाझेपाम घ्यायची, कुणी नातेवाईक म्हणाले याने विसरायला होतं, झालं, बाईंनी एका रात्रीत बंद केली. दोन-चार दिवसांत हात इतके थरथरायला लागले की कप बशीवर नुसता वाजायचा, घाम, धडधड, झोपेचा पत्ता नाही, घरात सगळ्यांना वाटलं जुना त्रास उलटला. डॉक्टर म्हणाले औषध एकदम तुटलं की असं होतं, फिटसुद्धा येऊ शकते. मग तीच गोळी परत सुरू केली आणि त्यांच्याच सांगण्याने दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी, त्रास वाढला की त्याच डोसवर थांबायचं. शेवटचा टप्पा भलताच किचकट, 0.25 मिलिग्रॅमपेक्षा छोटी गोळी आमच्या इथे मिळेना, शेवटी पिल कटर आणला (सुरीने नुसता भुगा होतो).

2014 पासून झोपेच्या गोळ्यांपैकी काही (अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम) शेड्यूल एच1 या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी लागते, दुकानदाराने रजिस्टरला नोंद करायची, पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते. पण ती फक्त सल्ल्याशिवाय घेऊ नका अशी, तीही इंग्रजीत. सल्ल्याशिवाय थांबवू नका हे मराठीत छापायला काय हरकत आहे?

एक वाचक, मिरज