ब्रिगहॅम यंग : बायकांच्या आकड्यापलीकडे

संपादक महोदय,

२४ जुलै हा अमेरिकेतल्या युटा राज्यात सुट्टीचा दिवस. १८४७ साली याच तारखेला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा नेता ब्रिगहॅम यंग तिथल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते पन्नासहून अधिक बायकांमुळे, आणि विषय तिथेच संपतो. मला हे खटकतं.

व्हरमाँटच्या गरीब घरातला हा सुतार. रंगकाम करायचा, खिडक्यांना काचा बसवायचा. १८४४ मध्ये जमावाने पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथला तुरुंगात गोळ्या घातल्यावर मॉर्मनांना मिसिसिपीपार नेलं ते यंगने. खोऱ्यात उतरताना तो स्वतः आजारी, दुसऱ्याच्या गाडीत आडवा पडलेला होता. मुलीकडे गेलो असताना तिथले १३२ फूट रुंद जुने रस्ते पाहिले. बैलांची गाडी सहज वळावी म्हणून एवढे ठेवले, असं तिथे सांगतात.

ऑक्टोबर १८५६ मध्ये हातगाड्या ओढत खोऱ्याकडे येणारे शेकडो मॉर्मन अजून वाटेतच आहेत, अशी बातमी आली. दुसऱ्याच दिवशी यंगने भर सभेत खेचरं, गाडीवान आणि बारा टन पीठ मागितलं. तरीही बर्फात दोनशेहून अधिक माणसं दगावली. हातगाड्यांची योजना मुळात त्याचीच होती, हे विसरता येत नाही.

कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारल्याचं त्यानेच १८५२ मध्ये जाहीर केलं. ती बंदी उठायला १९७८ उजाडलं. आणि ते खोरं ओसाड नव्हतं. यूट आणि शोशोनी या मूळ अमेरिकी जमातींचा तिथे वावर होता.

आपल्या रविवार पुरवणीत यंगवर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे